पायाने दिलेला क्यू

(रंगमंचावरच्या उजेडाविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देत आहेत परभणीचे एक प्रकाशयोजनाकार.)

प्रश्न : मी उदगीर तालुक्यातल्या एका शाळेत संगीत शिकवतो. एकनाथांच्या भारुडांवर आम्ही तासाभराचा प्रयोग बसवला आहे. कीबोर्ड मीच वाजवतो. भारूड संपून अभंग सुरू होतो तिथे केशरी जाऊन निळा यायला हवा, पण लाइटवरचा पोरगा निळा आणेपर्यंत अभंगाची पहिली ओळ गाऊन झालेली असते. कीबोर्डच्या मिडीने (वाद्यं एकमेकांना निरोप देतात ती पद्धत) लाइट बदलता येतात असं ऐकलं, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून एक वायर बनवून घेतली आणि कीबोर्डचं मिडीचं सॉकेट थेट पारच्या (स्टेजवरच्या रंगीत लाइटच्या) डीएमएक्स सॉकेटला जोडलं. काहीच झालं नाही. सहा एलईडी पार आहेत, एक जुना लॅपटॉप आहे. कुठे चुकलं?

उत्तर : सर, काही झालं नाही हे नशीबच म्हणायचं. मिडीच्या सॉकेटला पाच पिना, डीएमएक्सच्या मूळ सॉकेटलाही पाचच, पण तेवढ्यावर सोयरीक जुळत नाही.

तुमचा कीबोर्ड उजेड पाठवत नाही, तो नुसता निरोप धाडतो : या चॅनेलवर, ही पट्टी, इतक्या जोरात दाबली. चॅनेल सोळा, पट्टीचा नंबर 0 ते 127, जोरही 0 ते 127. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर मधली पांढरी एक म्हणजे 60 आणि तिच्या शेजारची काळी एक 61. हे 1983 साली ठरलं आणि अजून तसंच चालू आहे. असा एक निरोप जायला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो. त्यामुळे उद्या लाइट उशिरा आला तर मिडीला बोल लावू नका.

डीएमएक्सचं, म्हणजे लाइटना हुकूम देण्याच्या पद्धतीचं, खातं वेगळं. ते 1986 चं. त्याला पट्टी-बिट्टी काही कळत नाही. शाळेतल्या हजेरीसारखे ते 1 ते 512 नंबर पुकारत जातं आणि प्रत्येकापुढे 0 ते 255 मधला एक आकडा सांगतं. पार आपला नंबर आला की आपला आकडा उचलतो. पुकारा संपला की पुन्हा पहिल्यापासून, सेकंदाला कितीतरी वेळा. एक जण निरोप्या, दुसरा हजेरी घेणारा. मध्ये दुभाषा लागतोच, आणि तुमच्याकडे तो आहे : लॅपटॉप.

त्यावर क्यूएलसी प्लस नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका. एका यूएसबीला कीबोर्ड, दुसऱ्याला यूएसबी-डीएमएक्सची डबी. डबीतून वायर पहिल्या पारला, पहिल्यातून दुसऱ्याला, असं सहापर्यंत. पार सात-सात चॅनेलचे असतील तर पत्ते 1, 8, 15, 22, 29 आणि 36 लावा. यूएसबीची वायर पाच मीटरच्या आत ठेवा, म्हणजे लॅपटॉप तुमच्या शेजारीच हवा. लांब न्यायची ती डीएमएक्सची वायर.

मग केशरी, निळा, काळोख असे सगळे सीन साठवा, एका क्यू-लिस्टमध्ये (क्यू म्हणजे लाइट बदलायची खूण) क्रमाने लावा आणि चढण्या-उतरण्याचे सेकंद तिथेच भरा. कीबोर्डकडून फक्त ‘पुढचा’ एवढंच मागा. पट्टी जोरात दाबली की झगझगाट, हलकी दाबली की मिणमिण, असंही करता येतं. नवशिके पहिल्यांदा तेच करून बघतात. ऑर्केस्ट्रात ठीक आहे. भारुडात त्याचा जाच होतो.

आता माझी फजिती ऐका. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी, नांदेड केंद्र. मी कीबोर्डच्या डाव्या टोकाच्या पट्ट्यांना क्यू दिले होते. एकसष्ट पट्ट्यांच्या कीबोर्डवर त्या 36 पासून सुरू होतात. 36 ला पहाट, 37 ला अंगण, 38 ला ब्लॅकआउट. तिथला आवाज शून्य केला होता, त्यामुळे सूरही वाजत नव्हता. पहिला अंक झकास गेला. मध्यंतरात गायिकेचा घसा बसला आणि कीबोर्डवाल्याने, बिचाऱ्याने तिच्या सोयीसाठी, ट्रान्सपोजचं बटण दाबून काळी एकवरचं गाणं पांढरी सातवर आणलं. मला सांगितलं नाही. सांगायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं, आणि विचारायचं असतं हे मला. बहुतेक कीबोर्ड ट्रान्सपोज केल्यावर बाहेर जाणारे नंबरही तेवढेच सरकवतात. शेवटी म्हातारी प्राण सोडते, तिथे त्याने 38 ची पट्टी दाबली, बाहेर गेला 36, आणि आख्ख्या रंगमंचावर लख्ख पहाट उजाडली. नंतर एका परीक्षकांनी विचारलं, ती पहाट प्रतीकात्मक होती का? मी हो म्हणालो.

तेव्हापासून क्यूसाठी पट्ट्या बंद. सस्टेनचा, म्हणजे सूर लांबवायचा, पेडल घ्या. तो दाबला की कीबोर्ड 64 नंबरच्या कंट्रोलवर 127 पाठवतो, सोडला की 0. स्वर चढवा, उतरवा, 64 काही जागचा हलत नाही. सॉफ्टवेअरमध्ये क्यू-लिस्टच्या ‘पुढचा’ या बटणाला ऑटो डिटेक्ट लावून पेडल एकदा दाबा, ते ओळखून घेतं. पेडल सोडल्यावर क्यू आणखी एकदा पुढे सरकत नाही ना, हे तालमीतच बघा. कीबोर्ड चालू करताना पेडलवर पाय नको, काही कीबोर्ड मग दाबलेलं-सोडलेलं उलटं समजतात. आणि पेटीचा आवाज लावला असेल तर नुसती टिचकी मारा. धरून ठेवलात तर सूर लोंबकळत राहील. संगीत नाटकातले ऑर्गनवाले उभी नाटकं पायाने भाता मारत काढायचे, तुम्हाला तर तासाभरात वीस-पंचवीस टिचक्या.

त्या पोराला मात्र घरी पाठवू नका. पेडल चुकून दोनदा दाबला गेला तर मागचा क्यू आणायला लॅपटॉपपाशी माणूस लागतो. शिवाय संवादावरचे क्यू त्याच्याकडेच राहू द्या. सोंगाड्या दोन ओळी गाळतो, प्रेक्षक हसत सुटले की थांबतो, मनात आलं तर समोरच्या सरपंचांना कोपरखळी मारतो. तिथे डोळ्यांनी बघून बटण दाबणाराच हवा. तुमच्या पायाकडे फक्त सुरावर पडणारे क्यू. पोरगा उशिरा दाबतो कारण तुम्ही अभंग कधी उचलणार हे त्याला ऐकूनच कळतं, तुम्हाला ते आधी माहीत असतं.

आणखी एक. बरेच कीबोर्ड अर्धा तास हात लागला नाही की आपोआप बंद होतात. आपल्याकडे पाहुणे आल्याशिवाय तिसरी घंटा होत नाही, म्हणजे अर्धा तास सहज जातो. मग कीबोर्ड पुन्हा चालू केला तरी सॉफ्टवेअर कधी कधी त्याला ओळखच देत नाही. ऑटो पॉवर ऑफ बंद करून ठेवा. लॅपटॉपची झोप आणि अपडेटही.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या एकांकिकेचं पार्श्वसंगीत लॅपटॉपवरून वाजतं. युवक महोत्सवासाठी मोठा लाइट कन्सोल भाड्याने येणार आहे. मिडी शो कंट्रोल (मिडीवरून थेट क्यू चालवायची पद्धत) वापरावं की साध्या नोट, म्हणजे पट्ट्यांचे नंबर, पाठवाव्यात? — एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : कन्सोलला ते समजत असेल तर शो कंट्रोलच. ते 1991 पासून आहे आणि नाटकवाल्यांसाठीच केलेलं आहे. नोट पाठवली तर ‘48 म्हणजे कुठला क्यू’ हे दोन्हीकडे लिहून ठेवावं लागतं. इथे थेट ‘क्यू 12, गो’ असा निरोप जातो. मधला एखादा क्यू हुकला तरी पुढचा आपल्या नंबरवर बरोबर येतो. हा फायदा मोठा आहे, कारण महोत्सवात तांत्रिक तालमीला वेळ कुठे मिळतो! दोन्हीकडचा डिव्हाइस नंबर एकच ठेवा. 127 म्हणजे ‘सगळ्यांनी ऐका’, घाईत तोच लावा. भाडेवाल्याला आधीच फोन करून विचारा की कन्सोलला मिडी इन (मिडी आत घ्यायचं सॉकेट) आहे का आणि शो कंट्रोल चालू करता येतं का. ‘सगळं आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, फोटो मागवा. वरून उतरणारं नेपथ्य किंवा आतषबाजी यावर सोडू नका, तिथे माणसाचाच हात हवा. शो कंट्रोलच्या नियमावलीतही सुरक्षिततेसाठी यावर विसंबू नका असं बजावलेलं आहे.

प्रश्न : आमच्या मंडळाचे दहा एलईडी लाइट आहेत. पहिले आठ नीट चालतात, शेवटचे दोन सारखे थरथरतात. दुकानदार म्हणतो लाइटच खराब आहेत. वायर माइकचीच वापरली आहे, प्लग सारखाच असतो म्हणून. — एक कार्यकर्ती, माजलगाव

उत्तर : ताई, लाइट परत करायची घाई नको. आधी नववा लाइट तिसऱ्या जागी आणि तिसरा नवव्या जागी लावून बघा. थरथर जागेबरोबर राहिली तर लाइट निर्दोष. प्लग सारखा असला तरी माइकची वायर डीएमएक्ससाठी केलेली नसते. जवळच्या जवळ चालून जाते, लांब गेली की सिग्नल टोकाला आपटून मागे फिरतो आणि नवा-जुना एकमेकांत मिसळतात. मागे फिरणारा सिग्नल टोकालाच जिरवायला एका रिकाम्या प्लगमध्ये 2 आणि 3 नंबरच्या पिनांमध्ये 120 ओहमचा रेझिस्टर झाळून घ्या आणि तो प्लग दहाव्या लाइटच्या मोकळ्या आउट सॉकेटमध्ये बसवा. रेडिओ दुरुस्तीवाला चहाच्या पैशांत करून देईल. एवढ्याने भागलं नाही तर मात्र वायर बदला. त्या प्लगला लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवा, नाहीतर मंडप उतरवताना डेकोरेशनवाल्यांची पोरं तो आपला समजून घेऊन जातात.