पहिलीच्या वर्गातला गोंधळ आणि कच्चं वाचन, दोन्हीसाठी कोणतं ट्रेनिंग करू?

दीक्षा या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचं निष्ठा ३.० हे शिक्षकांचं ट्रेनिंग करा, पायाभूत साक्षरतेसाठीच आहे, २०२१ ला केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं तेव्हाचं, १२ कोर्स, फुकट, सध्या बॅच आहे का ते केंद्रप्रमुखांना विचारा. मी पहिलीलाच शिकवते म्हणून सांगते, दोन्ही वेगळं धरूच नका, ज्या पोराला 'घ' आणि 'ध' अजून सारखेच दिसतात तेच नेमकं वाचनाच्या तासाला बाई पाणी पिऊन येऊ का, बाई शू ला जाऊ का करत उठत राहतं. त्याला ओरडून काही होत नाही (मारणं तर आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदच आहे), रोज दहा मिनिटं जवळ बसवून दोनच अक्षरं पक्की करून घ्या. फक्त नुसते व्हिडिओ बघून हात बसत नाही हां, एखाद्या अनुभवी बाईंना तुमचा तास बघायला बोलवा.