वाचकांचे प्रश्न : हप्ता परत गेला आणि खाते उणे झाले

प्रश्न : मी सोलापुरात अशोक चौकाच्या परिसरात राहते आणि घरीच शाळेच्या गणवेशांची शिलाई करते. दोन शिलाई मशिनींसाठी एका फायनान्स कंपनीकडून कर्ज घेतले असून त्याचा 3,140 रुपयांचा हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला माझ्या बचत खात्यातून आपोआप कापला जातो. मागच्या महिन्यात व्यापाऱ्याने शनिवारी द्यायचे पैसे दिले नाहीत. रविवारी 5 तारीख होती, खात्यात 2,905 रुपयेच होते आणि हप्ता परत गेला. बँकेने त्याच दिवशी 295 रुपये कापले. कंपनीने 8 आणि 10 तारखेला पुन्हा मागणी लावली, तेव्हाही प्रत्येकी 295 रुपये गेले. 13 तारखेला खात्यातून 2,000 रुपये काढले, उरलेले शेजारणीकडून उसने घेतले आणि कंपनीच्या कार्यालयात हप्ता रोख भरला. तेथे 590 रुपये आणखी घेतले. या महिन्याच्या 1 तारखेला बँकेने किमान शिल्लक नसल्याबद्दल 354 रुपये लावले, त्यामुळे खात्यात 334 रुपये उणे झाले. 3 तारखेला व्यापाऱ्याचे 3,200 रुपये जमा झाले, पण उणे रक्कम वळती होऊन 2,866 राहिले आणि 5 तारखेचा हप्ता पुन्हा परत जाऊन आणखी 295 रुपये कापले गेले. शाखेत विचारले तर ‘तुमचे खाते ओव्हरड्राफ्टमध्ये गेले होते’ एवढेच सांगतात. एकूण 2,124 रुपये गेले. यातले काही परत मिळेल का?

उत्तर : काही रक्कम निश्चितपणे मागता येईल, आणि ती मागावी असे माझे ठाम मत आहे. मात्र त्याआधी एक तातडीचे काम आहे. या महिन्याचा हप्ता अजून भरला नसेल तर तो आजच कंपनीच्या कार्यालयात भरून पावती घ्या. बँकेवरचा राग कितीही रास्त असला तरी हप्ता थकवू नये आणि आपोआप कपातीचा आदेशही रागाच्या भरात बंद करू नये. खात्यात पुरेसे पैसे नसल्यामुळे असा इलेक्ट्रॉनिक भरणा परत गेला, तर 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली, धनादेश न वटल्यास होते तशीच फौजदारी कारवाई होऊ शकते. कंपनीला त्यासाठी आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरले तर प्रकरण तेथेच थांबते. त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही, पण नोटीस आलीच तर ती बाजूला ठेवून देऊ नये.

आता आपण पाठवलेल्या पासबुकाच्या छायाप्रतीकडे वळतो. शाई पुसट आहे, तरी 1 तारखेच्या ओळीत ‘मिन बॅल चार्जेस’ (किमान शिल्लकेचा दंड) अशी नोंद आणि शेवटच्या रकान्यात 334 च्या शेजारी उणेचे चिन्ह स्पष्ट वाचता येते. आपल्या तक्रारीचा सारा जोर या एका ओळीवर आहे. रिझर्व्ह बँकेने 20 नोव्हेंबर 2014 रोजी बचत खात्यांतील किमान शिल्लकेच्या दंडाबाबत बँकांना सूचना दिल्या आणि त्या 1 एप्रिल 2015 पासून लागू झाल्या. त्यांनुसार शिल्लक कमी पडल्यास बँकेने ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने तसे कळवले पाहिजे, ती भरून काढण्यासाठी किमान एक महिन्याची मुदत दिली पाहिजे, दंड जेवढी तूट आहे त्या प्रमाणात असला पाहिजे आणि केवळ या दंडामुळे बचत खाते उणे होता कामा नये. आपल्या खात्यात त्या दिवशी 20 रुपये होते. म्हणजे मुदतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी बँकेला त्या दिवशी 20 रुपयांपलीकडे हात लावता येत नव्हता, आणि तिने 354 रुपये लावले.

पुढचा हिशेब आपण स्वतः कागदावर मांडून पाहा. बँकेने ते 20 रुपये घेतले असते तरी 3 तारखेला खात्यात पूर्ण 3,200 रुपये राहिले असते आणि 3,140 रुपयांचा हप्ता 5 तारखेला विनाअडथळा गेला असता. दुसऱ्यांदा हप्ता परत जाण्याचे कारण आपली हयगय नसून बँकेची चुकीची वजावट आहे. म्हणून 354 रुपयांबरोबर त्या दिवशीचे 295 रुपयेही, म्हणजे एकूण 649 रुपये, हक्काने मागावेत. या दुसऱ्या वेळेबद्दल फायनान्स कंपनीने दंड घेतला असेल तर त्याची पावती जोडून ती रक्कमही बँकेकडेच मागावी. 354 आणि 295 या रकमांमध्ये 18 टक्के जीएसटी धरलेला आहे, त्यामुळे परतावा करासह आला आहे ना, हे तपासून घ्या. शाखेने वापरलेल्या ‘ओव्हरड्राफ्ट’ या शब्दाने गोंधळून जाऊ नका. ओव्हरड्राफ्ट म्हणजे ग्राहकाने मागितलेली आणि बँकेने मंजूर केलेली उचल होय. बँकेने स्वतःच दंड लावून शिल्लक शून्याखाली नेली, तर ती आपण घेतलेली उचल ठरत नाही.

पहिल्या महिन्याच्या तीन कपातींबद्दल मात्र मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. 5 तारखेला खात्यात 235 रुपये कमी होते, हे खरे आहे. रविवारी बँक बंद असल्याने हप्ता सोमवारी लागेल असा अनेकांचा समज असतो, पण 1 ऑगस्ट 2021 पासून ही वसुलीची यंत्रणा रविवारी आणि सुटीच्या दिवशीही चालते. तेव्हा पहिले 295 रुपये बँकेच्या दरपत्रकात लिहिलेले असतील तर ते सोडून द्यावे लागतील. 8 आणि 10 तारखेच्या कपाती मला स्वतःला अन्यायाच्या वाटतात, कारण हप्ता एकच होता आणि मधल्या काळात खात्यात पैसे आलेलेच नव्हते. तरीही बँका प्रत्येक मागणी स्वतंत्र धरतात. येथे हक्काच्या भाषेपेक्षा विनंतीची भाषा अधिक उपयोगी पडते. तीन वर्षे खाते नीट चालले असेल, एकही हप्ता चुकला नसेल, तर ते अर्जात जरूर लिहा. शाखा व्यवस्थापकांना अशा रकमा माफ करण्याचा विचार करणे त्यामुळे सोपे जाते.

कंपनीने घेतलेल्या 590 रुपयांची फोड मागा. त्यात हप्ता परत गेल्याचे शुल्क किती आणि उशिराचा दंड किती, हे पावतीवर वेगवेगळे दिसले पाहिजे आणि दोन्ही आकडे कर्जाच्या करारात असले पाहिजेत. रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2023 च्या सूचनांनुसार कर्जावरील दंड वाढीव व्याजाच्या रूपात घेता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याजही लावता येत नाही. या सूचना फायनान्स कंपन्यांनाही लागू आहेत.

तक्रार तोंडी करू नका. मी अनेक वर्षे काउंटरच्या पलीकडे बसलो आहे. तेथे तोंडी बोलणे ग्राहक दारातून बाहेर पडताच विरून जाते आणि शिक्क्याचा कागद मात्र फाइलमध्ये राहतो. शाखा व्यवस्थापकांच्या नावे साधा अर्ज लिहा. मजकूर एवढा पुरेसा आहे : “माझ्या बचत खात्यात 1 तारखेला 20 रुपये शिल्लक असताना किमान शिल्लकेच्या दंडापोटी 354 रुपये नावे टाकल्याने खाते 334 रुपयांनी उणे झाले. याबाबत मला एक महिन्याची पूर्वसूचना मिळालेली नाही. या वजावटीमुळेच 5 तारखेचा हप्ता परत गेला. तरी 354 रुपये आणि 295 रुपये माझ्या खात्यात परत जमा करावेत, अथवा नकाराचे कारण लेखी कळवावे.” पूर्वसूचनेचे वाक्य लिहिण्याआधी मोबाइलमधील जुने संदेश एकदा चाळून घ्या, कारण बँक तोच पुरावा प्रथम काढील. पासबुकाच्या त्या पानांच्या प्रती जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच द्यायला कोणी टाळाटाळ केली तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा.

30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, विनाविलंब तक्रार करता येते. ती रिझर्व्ह बँकेच्या तक्रार संकेतस्थळावर नोंदवता येते आणि 14448 या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. त्यासाठी एक रुपयाही शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही. घरातील शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून अर्ध्या तासात हे काम होईल. पोच घेतलेल्या अर्जाची प्रत तेवढी हाताशी ठेवा.

पुढच्या काळासाठी दोन सोयी सुचवतो. आपले पैसे शनिवारी हाती येतात आणि ते लांबतातही, तेव्हा हप्त्याची तारीख 5 ऐवजी 10 किंवा 12 करून मिळावी, असा अर्ज कंपनीला द्या. नवा कपात आदेश भरून द्यावा लागेल. जुना आदेश खरोखर रद्द झाला आहे ना, याची खात्री करून घ्या, नाहीतर एकाच महिन्यात दोन्ही लागायचे. दुसरे म्हणजे, किमान शिल्लकेची अट नसलेले मूलभूत बचत खाते प्रत्येक बँकेत मिळते. ते उघडल्यास त्याच बँकेत आपले दुसरे बचत खाते ठेवता येत नाही, पण आपल्या व्यवहाराला ते पुरेसे आहे.

प्रश्न : मी जुळे सोलापूर येथे राहणारा निवृत्त शिक्षक आहे. एका सेवेसाठी दरमहा 999 रुपयांची कपात मी निवृत्तिवेतनाच्या खात्यातून मान्य केली होती. ती बंद करण्याचा अर्ज बँकेत दिला, पोचही घेतली, तरी पुढच्या महिन्यात पैसे गेलेच. बँक म्हणते, कंपनीकडे जा.

उत्तर : आपण बँकेकडेच राहा. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात आपल्यासारखे प्रकरण स्पष्ट नमूद आहे : ग्राहकाने बँकेकडे कपातीचा आदेश मागे घेतल्यानंतरही पैसे गेले, तर त्याची जबाबदारी ग्राहकाच्या बँकेची आहे. कपातीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत तिने हे निस्तरायचे असते आणि त्यापुढे होणाऱ्या विलंबाबद्दल दररोज 100 रुपये भरपाई, ग्राहकाने वेगळी न मागताही, द्यायची असते. आपल्या पोचेवरील तारीख कपातीच्या आधीची आहे ना, हे पाहून तिच्या प्रतीसह 999 रुपये आणि आजवरच्या दिवसांची भरपाई लेखी मागा. त्या कपातीमुळे अन्य एखादा भरणा परत जाऊन शुल्क लागले असेल, तर तेही त्याच अर्जात घाला.