एफडी मोडू नका, आधी धमकी मागे घ्या

सांगलीहून एका वडिलांनी लिहिलंय : मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क्स हे दोन विषय राहिलेत. रात्री उशिरापर्यंत 'लॅपटॉपवरच्या क्लस्टरवर सर्व्हिस डिप्लॉय करतोय' म्हणतो, पण स्क्रीनवर रोज 'इमेजपुलबॅकऑफ' हीच एरर. एफडी मोडून दीड लाखाचा, नोकरीची हमी देणारा डेव्हऑप्सचा (सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवून चालतं ठेवण्याच्या कामाचा) क्लास लावू का?

राहिलेल्या विषयांपेक्षा मला तुमचं दुसरंच वाक्य लागलं. 'महिन्याभरात जमलं नाही तर लॅपटॉप विकीन, असं बजावलंय. हल्ली मी खोलीत गेलो की स्क्रीन बदलतो.' अहो, एरर समोर ठेवून शांतपणे वाचणं हेच तर या कामातलं खरं शिक्षण. तुमच्या धाकाने तो नेमकं तेच लपवायला लागलाय. ती धमकी आजच मागे घ्या.

तो शिकतोय ते कुबरनेटिस : कंटेनर, म्हणजे वेगळे बंदिस्त ठेवलेले प्रोग्राम, मशिन्सच्या गटावर (क्लस्टरवर) चालवणारं सॉफ्टवेअर. त्या एररचा अर्थ एवढाच की क्लस्टरला सर्व्हिसची इमेज, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं बांधलेलं पॅकेज, मिळत नाहीये. तो 'काइंड' (लॅपटॉपवर असा क्लस्टर उभारणारं साधन) वापरत असेल, तर त्यातला नोड, म्हणजे क्लस्टरमधलं मशीन, हा स्वतःच एक डॉकर कंटेनर (डॉकर या साधनाने चालवलेला) असतो आणि त्याचा इमेजचा साठा वेगळा असतो. लॅपटॉपवर बिल्ड केलेली इमेज 'काइंड लोड डॉकर-इमेज' ही कमांड देऊन आत भरावी लागते. इमेजचा टॅग, म्हणजे आवृत्तीची खूण, 'लेटेस्ट' असेल तर कुबरनेटिस तरीही बाहेरच्या रजिस्ट्रीकडेच (इमेजच्या कोठाराकडेच) धावतं, म्हणून टॅग स्वतःचा द्यावा. 'कुबसीटीएल डिस्क्राइब पॉड' ही कमांड दिल्यावर (पॉड म्हणजे कंटेनर चालवणारं छोटं एकक) तळाशी इव्हेंट्स, म्हणजे काय काय घडलं त्याच्या नोंदी, दिसतात, ते त्याने ओळ न ओळ वाचावेत. नोकरीतही हेच करायचंय.

क्लास आणि क्लाउडचं खातं याशिवाय हे येत नाही, हा समज काढून टाका. कुबरनेटिस २०१४ पासून ओपन सोर्स आहे. काइंड आणि त्याच्यासारखंच मिनिक्यूब, दोन्ही फुकट. मिनिक्यूब सुरू करायला २ सीपीयू, २ जीबी मोकळी रॅम आणि २० जीबी डिस्क लागते. नोकरीची हमी विकणाऱ्या क्लासवर माझा काडीचा विश्वास नाही.

सर्टिफिकेट हवंच असेल तर पुढे सीकेए ही कुबरनेटिसची परीक्षा द्यावी. दोन तास टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) काम करून दाखवायचं असतं, पाठांतर कामाला येत नाही.

पण त्याआधी ते दोन विषय. कंटेनर म्हणजे लिनक्सच्या नेमस्पेस (प्रोग्रामला बाकीच्यांपासून वेगळं ठेवणारी सोय) आणि सीग्रुप्सचा (सीपीयू-मेमरीवर मर्यादा घालणारी सोय) खेळ, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच. एक सर्व्हिस दुसरीला शोधते ती डीएनएसने (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेने), म्हणजे नेटवर्क्स. ज्या क्लासचे पैसे तुम्ही भरायला निघालात, त्याचा पाया याच दोन पुस्तकांत आहे. लॅपटॉप अडखळत असेल तर रॅम वाढवून द्या. एफडी राहू द्या.