बो वि. लुईस : सोलची क्लिप बघून निकाल लावू नका

प्रो (व्यावसायिक) बॉक्सिंगमध्ये कधीच न झालेल्या फाइट्सची यादी करताना तुम्ही रिडिक बो-लेनॉक्स लुईस या हेवीवेट जोडीपाशी अडकलात आणि मित्र म्हणतोय की १९८८ च्या सोल ऑलिंपिक फायनलमध्येच काय ते ठरलं. याच वादात मीही अडकलो होतो, म्हणून लिहितोय.

ती फायनल पूर्ण बघायला मिळावी म्हणून मी एका फिल्म संग्रहाच्या मागे लागलो होतो (नाव घेत नाही, उगाच लफडं नको). आधी फॉर्म भरा, मग हक्क दुसऱ्या विभागाकडे, तो विभाग म्हणे पहिल्यालाच विचारा! शेवटी पैसे घेतले आणि पाठवलं काय, तर रेफ्री बोसमोर आठपर्यंत मोजतोय, फाइट थांबवतोय, लुईसचा हात वर, संपलं. तक्रार केली तर 'महत्त्वाचा भाग दिला आहे'. अहो, महत्त्वाचा कुठला ते तुम्ही कोण ठरवणार? पुढे दुसरीकडून अख्खी बघितली तर पहिल्या राउंडला बोच वरचढ, फक्त डोकं मारल्याबद्दल त्याचा एक पॉइंट कापला होता. शिवाय तिथे हेडगिअर आणि तीनच राउंड, प्रोमध्ये टायटलला बारा.

माझं म्हणणं, आधी तारीख धरा. १९९३ च्या सुरुवातीची फाइट धरली तर माझं मत बोच्या बाजूने, पॉइंट्सवर. नुकतंच तेव्हाचा चॅम्पियन होलीफिल्डला हरवलेलं, कॉर्नरला कोच एडी फच, आणि एवढा उंच असून जवळ घुसून अपरकट मारायचा. लुईसकडे तेव्हा कोच इमॅन्युएल स्टीवर्ड नव्हता, तो आला १९९४ ला लुईस ऑलिव्हर मॅकॉलकडून हरल्यावर. पण १९९६ धरलं तर लुईस, वादच नाही, त्या वर्षी अँड्र्यू गोलोटा या बॉक्सरने बोची काय हालत केली बघा. अर्थात मी कोणी कोच नाही, नुसता बघणारा.

आणि बोने डब्ल्यूबीसीचा (वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचा) चॅम्पियनशिप बेल्ट कचऱ्याच्या डब्यात टाकला म्हणून 'लुईसला घाबरला' म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. त्या नाटकामागे पैशाच्या वाटणीची भांडणं होती, ती कोणी वाचत नाही.

जाता जाता, मुहम्मद अली आणि क्युबाचा टिओफिलो स्टीव्हनसन ही जोडी या यादीत घालू नका. क्युबाने प्रो बॉक्सिंगच बंद केलेलं, आणि गोरा चॅम्पियन जॅक डेम्प्सी व कृष्णवर्णीय हॅरी विल्स यांच्या फाइटच्या आड रंगभेद आला. अशा फाइट्सची यादी वेगळी करा.