तुमचे प्रश्न : लेसरला समोरून भिडलेला इलेक्ट्रॉन

प्रश्न : मी बारावीला फिजिक्स शिकवतो. परवा एका मुलीने विचारलं की सर, वेग बदलला की इलेक्ट्रॉन प्रकाश फेकतो असं तुम्ही शिकवता, मग त्या प्रकाशाची ऊर्जा कुणाच्या खिशातून जाते, लॉरेंट्झ बलाच्या, म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रामुळे लागणाऱ्या बलाच्या सूत्रात तर तिचा हिशोबच नाही. मी म्हटलं, फार किरकोळ असते गं, सोडून दे. घरी आल्यावर माझंच मला पटेना. जोरदार लेसरमधे ती किरकोळ राहत नाही म्हणतात, खरं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आधी त्या मुलीला शाबासकी द्या, कारण याच प्रश्नाने लॉरेंट्झ, अब्राहम आणि डिरॅक या भौतिकशास्त्रज्ञांना छळलंय. पाण्याचा पाइप हातात धरून नळ फुल सोडला की हात मागे ढकलला जातो ना, तसाच प्रकाश फेकताना इलेक्ट्रॉनला उलटा धक्का बसतो, याला रेडिएशन रिअ‍ॅक्शन म्हणतात. डिरॅकने 1938 साली सापेक्षतेत बसणारं समीकरण दिलं खरं, पण त्यातून भलतीच उत्तरंही निघतात, म्हणजे बल लागायच्या आधीच इलेक्ट्रॉन हलायला लागतो (वरात अजून लांब आहे आणि बँडवाल्याने वाजवायला घेतलं!) किंवा बल नसतानाही आपोआप वेग घेत सुटतो. म्हणून आकडेमोडीला बहुतेक जण लान्दाऊ आणि लिफ्शिट्झ यांचं सुधारलेलं रूप वापरतात, त्यात हा घोळ होत नाही.

तुम्ही किरकोळ म्हणालात ते वर्गातल्या गणितांपुरतं बरोबरच आहे. पण हा धक्का इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या वर्गाने वाढतो आणि वर लेसरच्या तीव्रतेनेही वाढतो, त्यामुळे दोन्ही एकदम वाढवले की प्रकरण हाताबाहेर जातं. शिवाय दिशा महत्त्वाची. इलेक्ट्रॉन लेसरच्याच दिशेने पळत असेल तर विद्युत आणि चुंबकीय बलं एकमेकांना जवळपास खाऊन टाकतात, फारसं काही होत नाही. समोरून भिडला तर मात्र 2 जीईव्हीच्या, म्हणजे 200 कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या इलेक्ट्रॉनला लेसरचं तेच विद्युत क्षेत्र सुमारे 8,000 पट मोठं दिसतं.

हे इंग्लंडमधे रदरफर्ड अ‍ॅपलटन लॅबोरेटरीच्या जेमिनी लेसरवर करून बघितलंय, 2018 मधे दोन पेपर आले. जेमिनीला दोन बीम आहेत, एका बीमने गॅसमधे इलेक्ट्रॉन पळवायचे आणि दुसरा त्यांच्यावर समोरून सोडायचा. तो 40-45 फेम्टोसेकंदांचा पल्स (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा 10 चा 15 वा घात इतकावा भाग), तीव्रता चौरस सेंटीमीटरला 10 चा 20 वा घात वॅटच्याही वर (आपलं मे महिन्यातलं ऊन चौरस सेंटीमीटरला 0.1 वॅट!). दोन्ही ठिपके काही मायक्रॉनचे, त्यामुळे नेम चुकायचाच, पण जिथे बसला तिथे गॅमा किरण (म्हणजे इलेक्ट्रॉनने फेकलेला अतिऊर्जावान प्रकाश) जोरात दिसले आणि नेमक्या त्याच शॉटमधे इलेक्ट्रॉनची ऊर्जा उतरलेली दिसली, एका प्रयोगात तर 30 टक्क्यांपर्यंत.

आता कुणी म्हणेल, लेसरनेच ढकलून त्यांना हळू केलं असेल. मला या प्रयोगातली सगळ्यात आवडलेली गोष्ट इथेच आहे. साध्या सपाट लाटेत इलेक्ट्रॉन नावेसारखा वरखाली होतो आणि लाट निघून गेली की ऊर्जा होती तेवढीच राहते, लॉरेंट्झ बलाने एकट्याने त्याचं काही घटत नाही. म्हणजे जे गेलं ते त्याने स्वतः फेकलेल्या प्रकाशातच गेलं, आणि तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, इलेक्ट्रॉन एवढा जोरात असला की गॅमाची ऊर्जा मुख्यतः इलेक्ट्रॉनच्याच खिशातून जाते, लेसरच्या नाही.

अजून एक गंमत. जुन्या सिद्धांतात हे पैसे दर महिन्याच्या हप्त्यासारखे सारखे कापले जातात. क्वांटममधे तसं नाही, प्रकाश फोटॉनच्या गठ्ठ्याने जातो, एखाद्याचा एकाच झटक्यात अर्धा पगार जातो आणि शेजारचा एक पैसाही न देता पार निघून जातो. आणि एका फोटॉनला इलेक्ट्रॉनकडे आहे त्याहून जास्त ऊर्जा नेता येत नाही, म्हणून एकूण घट जुन्या हिशोबापेक्षा कमीच भरते.

प्रश्न : आमच्या इंदूरला इंडस-2 आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल गोल फिरवणारं सिंक्रोट्रॉन यंत्र. तिथे इलेक्ट्रॉन लेसरवर आपटत नाहीत, तरी हेच होतं का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : हो, सख्खं भावंडच. तिथे लेसरच्या जागी वळवणारे चुंबक आहेत. 250 कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टचा इलेक्ट्रॉन 172 मीटरच्या रिंगमधे एका फेरीत साधारण 6 लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट गमावतो, आणि फेऱ्या सेकंदाला 17 लाखांवर! म्हणून आरएफ कॅव्हिटीतून (रेडिओ लहरींनी इलेक्ट्रॉनला धक्का देणाऱ्या पोकळीतून) दर फेरीला तेवढीच ऊर्जा परत भरावी लागते, नाहीतर डोळ्याचं पातं लवायच्या आत बीम गेलाच म्हणून समजा.