चित्रकलेच्या सराव पाठात मी एका मुलाची उलांडी खोडली

तुम्ही ए.टी.डी.च्या, म्हणजे कलाशिक्षक पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहात, पुढच्या महिन्यात किनाऱ्यावरच्या हायस्कुलात सराव पाठ आहेत आणि नववीचा वर्ग मिळालाय. "मला चित्र काढता येतं, पण शिकवता येईल का? आणि 'मला येत नाही' म्हणून बसून राहणाऱ्या मुलांचं काय करू?" असं तुम्ही विचारलंय. माझे सराव पाठ मालवण तालुक्यातल्या समुद्राकाठच्या एका शाळेत झाले, तेही ऐन पावसात. तेव्हाचं सांगते.

दुसराच पाठ स्मरणचित्राचा होता. विषय 'किनाऱ्यावरची सकाळ'. वर्गात ५२ मुलं, तास ३५ मिनिटांचा, मागच्या बाकावर पाठ बघायला आमचे मेथडचे, म्हणजे अध्यापन पद्धती शिकवणारे, सर. मी बाकांमधून फिरत होते. एका मुलाने वाळूवर ओढून ठेवलेली होडी काढली होती, आणि तिच्या एका अंगाला दोन आडवे वासे बाहेर आलेले, त्यांच्या टोकाला होडीला समांतर असा एक ओंडका. मला वाटलं, मागच्या दुसऱ्या होडीची रेघ याला जमली नाही आणि ती पुढे आली. चित्रात गर्दी होत होती, तास संपत आला होता. मी त्याचा रबर घेतला आणि ते वासे, तो ओंडका, सगळं खोडलं. वर सांगितलंही, "बघ, आता होडी कशी मोकळी दिसते."

तो काही बोलला नाही. त्याच्या शेजारचा बोलला, "बाई, ती उलांडी आसा. ती नाय तर होडी पालथी पडतली."

माझं गाव फोंडा घाटाच्या पायथ्याशी. मालवणी माझ्या घरातली भाषा, पण समुद्र माझ्या घरातला नव्हे. अरुंद होडी लाटेवर कलंडू नये म्हणून एका बाजूला हलक्या लाकडाचा तराफ्यासारखा आधार बांधतात, त्याला उलांडी म्हणतात, हे मला त्या दिवशी नववीतल्या मुलाकडून कळलं. ज्याचं चित्र मी खोडलं, त्या मुलाच्या घरची होडी होती. त्याने वासे जिथे बांधतात तिथली दोरीही काढली होती आणि मी ती दोरीसकट पुसली.

त्यात जुलैचा महिना. पावसाळ्यात इथे ड्रॉइंगचा कागद दमट हवेने मऊ पडतो, रबर जरा जोरात फिरवला की तंतू वर येतात. त्याने उलांडी पुन्हा काढली, पण रंग लावल्यावर तो नेमका तिथेच पसरला. ते चित्र शेवटपर्यंत तसंच डागाळलेलं राहिलं. पाठ संपल्यावर सरांनी माझ्या टाचणवहीत, म्हणजे पाठाचा आराखडा लिहायच्या वहीत, दोनच शब्द लिहिले होते: 'हात आवरा'.

म्हणून तुम्हाला पहिली गोष्ट हीच सांगेन. मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल चालवू नका, रबर तर मुळीच नको. आपला हात तयार असतो, ३५ मिनिटांत काहीतरी दिसायला हवं याची घाई असते, आणि एक रेघ मारली की चित्र 'सुधारतं'. पण त्या रेघेनंतर ते चित्र त्याचं राहत नाही, हे मूल लगेच ओळखतं. मी त्यानंतर खिशात चतकोर कागद ठेवायला लागले. काही दाखवायचं असेल तर त्या कागदावर दाखवायचं आणि तो कागद परत खिशात. आणि चुकलंय असं वाटलं तर आधी विचारायचं, "हे काय आहे रे?" निम्म्या वेळा चूक नसतेच.

आता 'मला येत नाही' म्हणणारी मुलं. माझ्या वर्गात अशी सात-आठ होती. त्यांना कागद दिला की एकच चित्र यायचं: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी आणि एक नारळ. हे त्यांनी बघितलेलं नव्हतं, पाठ केलेलं होतं. समुद्राच्या काठी राहणारी मुलं, सूर्य रोज पाण्यात बुडताना बघतात. मी विषय देणं बंद केलं आणि प्रश्न विचारला, "आत्ता घरी दारात उभी राहिलीस तर पहिलं काय दिसेल?" एक मुलगी म्हणाली, "पागोळ्या." तिने त्या काढल्या. कौलाच्या प्रत्येक नळीखालून एक धार, खाली मातीत पडलेल्या खळग्यांची रांग, आणि एका धारेखाली लावलेली बादली. महिनाभर हीच मुलगी कोरा कागद परत देत होती.

वस्तुचित्रासाठी शाळेच्या कपाटात प्लॅस्टिकची सफरचंदं आणि रंग उडालेला जग होता. मी घरून कळशी, तांदूळ धुवायची विणलेली रोवळी आणि करवंटीची डवली म्हणजे पळी नेली. कळशीच्या तोंडाचं लंबवर्तुळ फळ्यावर समजावत बसू नका, त्यात तास जातो. कळशी हातात धरून हळूहळू वर न्या. डोळ्यांच्या रेषेत आली की तोंडाची नुसती आडवी रेघ दिसते, खाली आणली की ते उघडत जातं. मागच्या बाकावरची मुलं उभी राहून बघायला लागली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण शिकवतोय. रोवळीची वीण मात्र पहिल्याच पाठात ठेवू नका, मुलं त्यातच अडकतात.

अगदी कोपऱ्यात, काडेपेटीएवढं चित्र काढणारा एक मुलगा होता. त्याच्यासाठी म्हणून मी सगळ्या वर्गाला कातळशिल्पांबद्दल, म्हणजे जमिनीवरच्या खडकात कोरलेल्या चित्रांबद्दल, सांगितलं. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जांभ्यात कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. आम्ही सुतळी घेऊन व्हरांड्यात १८ मीटर मोजायला गेलो तर व्हरांडा संपला. कोरणाऱ्याला त्यात उभं राहून पूर्ण हत्ती दिसतच नसणार, मग प्रमाण कसं सांभाळलं असेल, यावर मुलंच बराच वेळ बोलत राहिली. शाळेच्याच तालुक्यातलं कुडोपी आणि कशेळी ही कातळशिल्पांची दोन्ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली, हे सांगितल्यावर एकजण म्हणाला, "माझ्या आजोळाकडे जाताना लागता ता." पुढच्या तासाला काडेपेटीएवढं काढणाऱ्या त्या मुलाने कागदभर बैल काढला. शिंगं कागदाबाहेर गेली होती. मी त्यांना हात लावला नाही.

पालक भेटले तर बहुतेक जण इंटरमीजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षेच्या गुणांचं विचारतील: दहावीला वाढीव गुण अ श्रेणीचे ७, ब चे ५, क चे ३. त्यांना नीट उत्तर द्या, त्यात काही वावगं नाही. चित्रकलेचा तास गणिताला मागितला जाईल, तेव्हा मात्र "माझा नोंदवलेला सराव पाठ आहे" असं नम्रपणे पण ठामपणे सांगा.

रंगाच्या तासाला खरी अडचण पाण्याची येते. पन्नास मुलं एकदम नळावर गेली की १० मिनिटं गेलीच. दोन बादल्या आधी भरून वर्गात ठेवा, ओळीतल्या एकानेच डबा भरून आणायचा. पावसात पोस्टर कलर तासाभरात वाळत नाही, तेव्हा चित्रं एकावर एक रचू नका. व्हरांड्यात सुतळी बांधून चिमट्यांनी लावा. आणि पाठाच्या आधी एका सकाळी लवकर जाऊन बंदरावर तासभर उभ्या राहा. होड्या नुसत्या बघू नका, कुठला भाग कशाला म्हणतात ते विचारून घ्या. तिथल्या बायामाणसांना सांगायला आवडतं.