अपडेट टाकला की वापरकर्त्याने बदललेल्या फाइली पुसल्या जातात, काय करावं?

तुमचा इन्स्टॉलर डिस्कवरची फाइल आणि नवी फाइल एवढ्याच दोन गोष्टी ताडून बघतोय, घोळ तिथेच आहे. दोन्ही वेगळ्या निघाल्या तरी बदल वापरकर्त्याने केला की तुम्ही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी तिसरी फाइल लागते: मागच्या वेळी तुम्हीच दिलेली मूळ प्रत.

इन्स्टॉल करतानाच प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला, ठशासारखा ओळखक्रमांक) नोंदवा. सेटिंगच्या फाइलींची तर अख्खी मूळ प्रतच वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, कारण चेकसमवरून बदल झालाय एवढंच समजतं, काय बदललंय ते नाही. अपडेटच्या वेळी डिस्कवरची फाइल मूळ प्रतीसारखीच असेल तर बिनधास्त बदला. वापरकर्त्याने बदललीय पण नव्या आवृत्तीत तुम्ही ती बदललेली नाही, तर हात लावू नका. डेबियन लिनक्सचं पॅकेज टाकणारं साधन, डीपीकेजी, असंच चालतं. दोन्हीकडून बदल असेल तरच ते विचारतं, आणि नुसतं एंटर दाबलं तर वापरकर्त्याची फाइल राहते. त्याने फाइल उडवली असेल तर तोही बदलच धरा.

तारखांवर मात्र विसंबू नका. विंडोज इन्स्टॉलर आवृत्ती क्रमांक नसलेल्या फाइलींसाठी बदलल्याची तारीख निर्मितीनंतरची आहे का ते पाहतो. पण बदललेली फाइल बॅकअपमधून कॉपी करून परत आणली की निर्मितीची तारीख नवी होते, आणि ती फाइल न बदललेली समजून ओव्हरराइट होते.

दोन्हीकडून बदल असेल तर तिहेरी मर्ज, म्हणजे मूळ, वापरकर्त्याची आणि नवी अशा तिन्ही प्रती ताडून दोन्ही बदल एकत्र करणं. समजा, मूळ फाइलीत पोर्ट ८०८० आणि लगेच खालच्या ओळीत टाइमआऊट ३० आहे. वापरकर्त्याने पोर्ट ९०९० केला, तुम्ही टाइमआऊट ६० केला. खरं तर इथे भांडण नाहीच. पण गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) ओळी बघून मर्ज करतं, त्यामुळे लागून असलेल्या ओळींवर ते कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोन बदलांची टक्कर, दाखवतं आणि फाइलीत तशा खुणा टाकतं. म्हणून अशा फाइली ओळींनी नाही, सेटिंगच्या नावाने मर्ज करा. निकाल आधी शेजारच्या तात्पुरत्या फाइलीत लिहा, तपासा, परवानग्या आणि मालकी जुळवा, मगच नाव बदलून जागेवर आणा. कॉन्फ्लिक्टच्या खुणा चालू फाइलीत राहिल्या तर सर्व्हिस उठतच नाही.

इथे हमखास होणारी चूक: मर्जनंतर नोंदवहीत मर्ज झालेल्या फाइलीचा चेकसम टाकणे. मग पुढच्या अपडेटला तीच फाइल मूळ वाटते आणि गुपचूप उडते! नोंद नेहमी तुम्ही पाठवलेल्या प्रतीचीच हवी.

अपडेट आपोआप चालत असेल, विचारायला कोणी नसेल, तर सेटिंगच्या फाइलीत वापरकर्त्याचं ठेवा, नवी प्रत शेजारी वेगळ्या नावाने टाका आणि लॉगमध्ये लिहा. आरपीएम या लिनक्सवरच्या दुसऱ्या पॅकेज साधनात पॅकेज बनवणाऱ्याने तशी खूण केली असेल तर '.आरपीएमन्यू' फाइल अशीच तयार होते. कोडच्या फाइलींचं उलट: जुनी लायब्ररी नव्या प्रोग्रॅमसोबत चालेलच असं नाही, तेव्हा बॅकअप घेऊन तुमचीच टाका.

दुखणं कायमचं घालवायचं तर तुमच्या डीफॉल्टनंतर वाचली जाणारी वेगळी ओव्हरराइड फाइल द्या, जिला इन्स्टॉलर कधीच शिवणार नाही. फक्त यादीसारख्या सेटिंगमध्ये तिथलं मूल्य डीफॉल्टमध्ये भर घालतं की त्याची जागा घेतं, ते आधीच ठरवून त्याच फाइलीच्या डोक्यावर लिहून ठेवा.